धागा: एन्डॅमकन सू – कॉलेज फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह टॅकल, आणि हरलेली ती मॅच

माळरानी

मंडळी, क्रीडा विभागात क्रिकेट आणि पायाने खेळायचा फुटबॉल सोडून काही निघतच नाही, म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करावी. अमेरिकन फुटबॉल इथल्या बऱ्याच जणांना म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आपटणं वाटतं, मलाही लिंकनला (नेब्रास्का राज्यातलं युनिव्हर्सिटीचं शहर) शिकायला जाईपर्यंत तेच वाटायचं. पण त्या काळात तिथे एक पोरगा खेळत होता, ९३ नंबर, एन्डॅमकन सू, आणि त्याच्यामुळे मी हा खेळ चेंडूकडे न बघता बघायला शिकलो. धागा त्याच्या कॉलेजच्या करिअरबद्दल आहे, एनएफएलबद्दल (तिथली व्यावसायिक लीग) बोलू पण नंतर.

आधी थोडी पार्श्वभूमी. नेब्रास्कात एनएफएलची टीम नाही. एकही नाही. त्यामुळे सगळं राज्य युनिव्हर्सिटीच्या टीमवर जीव टाकतं. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक होम गेमला संपतात, २००९ च्या सप्टेंबरमध्ये असे सलग ३०० गेम झाले. मॅचच्या दिवशी ऐंशी हजारांवर माणूस आत बसतो म्हणजे ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर ते स्टेडियमच असतं, हे तिथला प्रत्येक जण तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत ऐकवतो.

सू पोर्टलंडचा, ओरेगनचा. वडील कॅमेरूनचे, आई जमैकाची, ती शाळेत शिक्षिका. लहानपणी हा सॉकर खेळायचा, फुटबॉल हायस्कूलमध्ये सुरू झाला. ६ फूट ४ इंच उंची आणि वजन १४० किलोच्या आसपास, पण पाय सॉकरवाल्याचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२००५ ला नेब्रास्कात आला, गुडघा दुखावला, ते वर्ष रेडशर्ट (म्हणजे युनिव्हर्सिटीत पाच वर्षं राहून चार सीझन खेळायची मुभा, दुखापतीचं वर्ष मोजत नाहीत). २००६ मध्ये साडेतीन सॅक (पास टाकणाऱ्याला पास टाकायच्या आत पाडणं, दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा). २००७ मध्ये ३४ टॅकल (इथे टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं, त्याच नावाची मैदानावरची जागाही असते) आणि सॅक फक्त १. त्या वर्षी टीम ५-७ गेली, कॅन्ससने तर ७६-३९ असं धुतलं, नेब्रास्कासारख्या टीमला ७६ पॉइंट म्हणजे लाज निघाली होती. कोच कॅलहन यांना काढलं आणि बो पेलिनी आले. तेव्हा कोणी म्हटलं असतं की हा पोरगा दोन वर्षांत देशातला सगळ्यात भारी खेळाडू ठरणार, तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

२००८: ७६ टॅकल, साडेसात सॅक, दोन इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) आणि दोन्हींवर टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेणं).
२००९: ८५ टॅकल, १२ सॅक.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, आधी कोणाला इंटरेस्ट आहे का ते तरी बघू.

क्रिकेटवेडी

आहे इंटरेस्ट, लिहा. पण आधी हे सांगा की डिफेन्सिव्ह टॅकल नक्की करतो काय? आमच्या घरी रविवारी नवरा बघत असतो, मला नुसता ढिगारा दिसतो आणि मग शिट्टी वाजते.

माळरानी

तो ढिगारा असतो ना, त्याच्या मधोमध उभा असतो तो. चेंडू मध्ये ठेवलेला, पलीकडे पाच जाडजूड गडी ज्यांचं काम आपल्या क्वार्टरबॅकला (पास टाकणारा) वाचवणं किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून देणं. अलीकडे चार जण जे त्यांना फोडून आत शिरायला बघतात, त्यातले मधले दोघं टॅकल आणि बाजूचे दोघं एंड. क्वार्टरबॅकने पास टाकायच्या आत त्याला आडवा केला की सॅक. एंडला कडेने वळून पळायला जागा मिळते म्हणून सॅक सहसा त्यांचे जास्त. टॅकलला जागाच नसते, त्याच्या अंगावर बहुतेक वेळा दोन जण असतात. म्हणून टॅकलने एका सीझनमध्ये १२ सॅक करणं म्हणजे कायच्या काय आहे.

ढाकबहिरी

म्हणजे कबड्डीत कव्हरला दोघांनी आधीच धरून ठेवलंय आणि तरी त्याने रेडरची पकड करायची, असं काहीतरी?

माळरानी

हो जवळपास, फक्त इथे धरून ठेवणारे प्रत्येकी १४० किलोचे :)

ओमाहाची_सून

अय्या सूवर मराठीत धागा! आमच्याकडे सासरची सगळी मंडळी पक्की हस्कर (नेब्रास्काच्या टीमचं नाव), माझे सासरे अजून त्याचं नाव काढलं की खुर्चीत सरसावून बसतात. (सासरे अमेरिकन आहेत, मी ठाण्याची. विचारू नका, मोठी स्टोरी आहे.)

दादा तुम्ही एक मुख्य गोष्ट राहिली लिहायची, ब्लॅकशर्ट. नेब्रास्कात डिफेन्सच्या पहिल्या फळीला प्रॅक्टिसला काळी जर्सी मिळते, १९६० च्या दशकात बॉब डेव्हेनी कोच असताना पडलेली प्रथा आहे. पेलिनी आले त्या पहिल्या वर्षी त्यांनी सीझन बराच पुढे सरकेपर्यंत ती कोणालाच दिली नाही, म्हणजे आधी खेळून दाखवा मग काळा शर्ट. सासरे म्हणतात की २००७ ला जे झालं त्यानंतर हे असंच व्हायला हवं होतं.

आणि अजून एक, २००८ च्या नियमित सीझनच्या शेवटच्या मॅचला कोलोरॅडोविरुद्ध ॲलेक्स हेन्रीने ५७ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं, ३ पॉइंट) मारून टीमला पुढे नेलं, आणि त्यानंतर लगेच सूने पास अडवून थेट टचडाऊनपर्यंत पळ काढला. एवढा मोठा माणूस चेंडू छातीशी धरून पळतोय हे दृश्यच भारी आहे.

माळरानी

बरोबर ओमाहाताई, ब्लॅकशर्ट राहूनच गेलं, धन्यवाद. त्याच वर्षी कॅन्ससविरुद्ध त्याला फुलबॅक म्हणून ऑफेन्समध्ये उतरवलं होतं आणि त्याने टचडाऊनचा पाससुद्धा झेलला. आणि २००८ ला पूर्ण टीममध्ये सर्वात जास्त टॅकल त्याचे होते. हे ऐकायला साधं वाटतं पण सहसा हा आकडा लाईनबॅकर किंवा सेफ्टीचा असतो, कारण ते मागे उभे असतात आणि चेंडू जिकडे जाईल तिकडे धावतात. मधल्या फळीतला माणूस, ज्याला दोघांनी दाबून धरलंय, तो सगळ्यात जास्त टॅकल करतो म्हणजे प्ले संपेपर्यंत तो मैदानभर पळतोय.

आता १ सॅकवरून साडेसात आणि मग १२ हे कसं झालं? माझं मत असं की यात पेलिनी बंधूंचा (बो हेड कोच, कार्ल डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर) वाटा फार मोठा. त्यांच्या डिफेन्समध्ये लाईनमनने आंधळेपणाने आत घुसायचं नाही. समोरच्याला आधी दोन्ही हातांनी छातीवर रोखायचं, हात लांब ठेवून, नजर त्याच्या खांद्यावरून मागे, चेंडू कुठे चाललाय ते वाचायचं आणि मग त्याला बाजूला फेकून तिकडे जायचं. बहुतेकांना हे जमत नाही कारण रोखण्यातच सगळी ताकद संपते. सूला जमलं कारण ताकद उरायची, आणि पाय. सॉकर म्हटलं ना मघाशी. तोल जात नाही त्याचा, कधी टेप बघा, दोघं ढकलतायत आणि हा कडेकडेने सरकतोय.

सदाशिव_पेठी

लेख चांगला आहे पण एक शंका. २००८ च्या शेवटी त्याला एनएफएलमध्ये जायची संधी होती ना? मग थांबला का? कॉलेजमध्ये तर दमडी मिळत नव्हती.

माळरानी

होती की. एक वर्ष अजून खेळणं म्हणजे गुडघा परत गेला तर सगळं गेलं. पण तो थांबला आणि डिग्री घेतली, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची, ती तिथे इंजिनिअरिंग कॉलेजमध्येच येते. आमच्या डिपार्टमेंटचे देसी पोरं त्याला कॉरिडॉरमध्ये बघून दोन पावलं मागे सरायचे, दार भरून जायचं.

मिसिसिपीमामा

धागा छान चाललाय म्हणून लिहितो. मी साऊथमध्ये वीस-बावीस वर्षं आहे, इकडचे लोक नेब्रास्काला फार किंमत देत नाहीत पण २००९ चा सू बघून इकडच्यांनी पण माना डोलावल्या. मिझुरीविरुद्धची मॅच कोणी बघितली होती का? ८ ऑक्टोबर, गुरुवारी रात्री, धो धो पाऊस. तीन क्वार्टर नेब्रास्काला एक पॉइंट काढता आला नाही, १२-० मागे, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये २७ पॉइंट. लोक पॉइंट करणाऱ्यांचं कौतुक करतात पण ती मॅच सूने फिरवली, त्यांचा क्वार्टरबॅक गॅबर्टला सॅक, वर इंटरसेप्शन. ओल्या चेंडूवर लाईनमनने इंटरसेप्शन करायचं म्हणजे!

माळरानी

मामा, ती मॅच आम्ही आठ जण एका अपार्टमेंटमध्ये बसून बघितली होती, तिसऱ्या क्वार्टरनंतर चौघं अभ्यासाला म्हणून निघून गेले, ते अजून तोंड लपवतात.

पण मला ज्या मॅचसाठी धागा काढायचा होता ती वेगळी. ५ डिसेंबर २००९, बिग १२ ची (नेब्रास्का, टेक्सस वगैरे युनिव्हर्सिटींचा गट) फायनल, टेक्ससविरुद्ध, आर्लिंग्टनला काउबॉइजच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये. टेक्सस अपराजित होतं, जिंकले की नॅशनल चॅम्पियनशिपच्या मॅचला. त्यांचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉय हाईसमन ट्रॉफीच्या शर्यतीत. आणि नेब्रास्काचा ऑफेन्स त्या सीझनला इतका भंगार होता की सांगता सोय नाही. आयोवा स्टेटला घरच्या मैदानावर ९-७ हरलो होतो, आठ वेळा चेंडू गमावून!

त्या रात्री सूचे १२ टॅकल, साडेचार सॅक, आणि ७ वेळा समोरच्याला लाईनच्या मागेच आडवं केलं. टीमचे मिळून नऊ सॅक. मॅकॉयचे तीन पास अडवले. एका प्लेला तर मॅकॉय सुटून पळायला बघत होता, सूच्या हाताला नुसती जर्सी लागली आणि त्याने त्याला गोल फिरवून भिरकावून दिलं. मॅकॉय काही लहान चणीचा नव्हता, पण त्या क्षणी पोरासारखा उडाला.

आणि हे सगळं कशाच्या जोरावर, तर आपल्या ऑफेन्सचे पूर्ण मॅचमध्ये १०६ यार्ड. एकशे सहा! एकही टचडाऊन नाही, हेन्रीचे चार फील्ड गोल, १२ पॉइंट. म्हणजे डिफेन्स मैदानाबाहेर येतोय, पाणी पितोय न पितोय तोवर परत आत.

शेवटची पावणेदोन मिनिटं राहिली असताना १२-१० पुढे होतो. मग आपली किकऑफ मैदानाबाहेर, टेक्ससला ४० यार्डांवर फुकट चेंडू. पुढच्याच प्लेला त्यांच्या शिप्लीला पास आणि वर आपल्याकडून मागून कॉलर धरून पाडल्याचा दंड, अजून १५ यार्ड. झालं, फील्ड गोलच्या टप्प्यात. मग मॅकॉयने वेळ घालवत घालवत चेंडू बाहेर फेकला आणि घड्याळ शून्यावर गेलं. नेब्रास्काची पोरं मैदानात धावली. आणि पंचांनी व्हिडिओ बघून १ सेकंद परत दिला. टेक्ससच्या लॉरेन्सने ४६ यार्डांवरून फील्ड गोल मारला, १३-१२.

क्रिकेटवेडी

अरे देवा. एक सेकंद??

ओमाहाची_सून

हो. आमच्या घरात तो विषय काढायला बंदी आहे, थँक्सगिव्हिंगला मी चुकून काढला होता.

मिसिसिपीमामा

शिव्या खाईन पण सांगतो, सेकंद बरोबर दिला होता. चेंडू बाहेर जाऊन लागला तेव्हा घड्याळात १ दिसत होता, रिप्लेत स्वच्छ आहे, आणि नियमाप्रमाणे पंच घड्याळ दुरुस्त करू शकतात. नेब्रास्का हरलं ते त्या किकऑफमुळे आणि त्या दंडामुळे. आणि १०६ यार्डांमुळे, खरं तर.

माळरानी

मामा नियमाने बरोबर आहे, मीही भांडत नाही. (आता. तेव्हा भांडलो होतो.)

मला बोलायचंय ते पुढच्या आठवड्याबद्दल. हाईसमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा पुरस्कार, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की तो चेंडू हातात घेऊन पळणाराच हवा. निकाल: अलाबामाचा मार्क इंग्रम मतांचे १३०४ पॉइंट, स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट १२७६, मग मॅकॉय, आणि चौथा सू, ८१५. म्हणजे ज्याला साडेचार वेळा मातीत लोळवला तो पण वर. आणि असोसिएटेड प्रेसने मात्र वर्षाचा खेळाडू म्हणून सूला निवडलं, डिफेन्सच्या खेळाडूला तो पुरस्कार तोवर कधी मिळालाच नव्हता. आउटलंड, लोंबार्डी, नागुर्स्की, बेडनारिक हे पण सगळे त्यालाच. मग हाईसमनवाल्यांना काय दिसलं नाही?

सदाशिव_पेठी

पण चार्ल्स वुडसनला मिळाली होती ना १९९७ ला? तो पण डिफेन्सचाच. मिशिगनचा कॉर्नरबॅक (मागे राहून पास अडवणारा). तेव्हा तर समोर क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता. मग "डिफेन्सला देत नाहीत" हे म्हणणं तितकंसं टिकत नाही.

माळरानी

वुडसन उलट माझाच मुद्दा सिद्ध करतो. तो कॉर्नर होताच, पण पंट (समोरच्याने लांब लाथाडलेला चेंडू) परत आणायचा, रिसीव्हर म्हणूनही उतरायचा. ओहायो स्टेटविरुद्ध त्याने पंट परत आणून जे टचडाऊन केलं ते नसतं तर मॅनिंगलाच मिळाली असती असं मला वाटतं. म्हणजे डिफेन्सवाल्याला ट्रॉफी हवी असेल तर त्याने चेंडू हातात घेऊन पळून दाखवलं पाहिजे. २०२४ चा ट्रॅव्हिस हंटर तर दोन्हीकडे पूर्ण वेळ खेळला. नुसता डिफेन्स खेळणारे कितीही भारी असले तरी दुसऱ्या नंबरवर थांबतात, १९८० ला पिट्सबर्गचा ह्यू ग्रीन, २०१२ ला नोत्र दामचा मँटाय टेओ, २०२१ ला मिशिगनचा एडन हचिन्सन. यातला कोणी टॅकल नाही हे पण बघा. टॅकल तर सहसा दुसऱ्या नंबरपर्यंतसुद्धा पोचत नाही.

ढाकबहिरी

आकडेच नसतील तर मत देणारा तरी काय करणार भाऊ. देशभरातल्या सगळ्या मॅच कोण बघतो, रनिंग बॅकचे यार्ड पेपरात छापून येतात. दोघांना अडकवून ठेवलं याचा आकडा कुठे येतो?

माळरानी

एकदम मुद्द्याचं बोललात. एकच उदाहरण देतो. त्याच सीझनला बेलरविरुद्ध सूच्या शेजारचा टॅकल जॅरेड क्रिक, त्याने एका मॅचमध्ये ५ सॅक केले, नेब्रास्काचा रेकॉर्ड. क्रिक चांगलाच होता, त्याचं श्रेय काढून घेत नाही, पण टेप बघा, बेलरची सगळी लाईन सूकडे झुकलेली. सूच्या नावावर त्यातलं काही येत नाही. त्या वर्षी नेब्रास्काच्या डिफेन्सने मॅचमागे साधारण १०.४ पॉइंट दिले, देशात सगळ्यात कमी. पूर्ण सीझन असल्या ऑफेन्सला पाठीवर घेऊन दहा मॅच जिंकल्या, शेवटी हॉलिडे बोलमध्ये (सीझननंतरची खास मॅच) ॲरिझोनाला ३३-०.

आगाऊ_कार्टं

कॉलेजमध्ये ठीक आहे हो पण एनएफएलमध्ये तर डर्टी प्लेयर म्हणूनच फेमस झाला ना, २०११ ला थँक्सगिव्हिंगच्या मॅचमध्ये पडलेल्या माणसाच्या हातावर पाय दिला, दोन मॅच सस्पेंड. हिरो वगैरे बनवू नका उगाच.

माळरानी

दिला, सगळ्या देशाने बघितलं आणि शिक्षा योग्यच होती. मी इथे देव्हारा मांडलेला नाही. पण त्याच माणसाला २०१० ला डिफेन्सिव्ह रुकी ऑफ द इयर (पहिल्या वर्षातला सर्वोत्तम बचाव खेळाडू) मिळालं होतं, दहा सॅक, आणि पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत टॅम्पा बेबरोबर सुपर बोल जिंकला. तेही लिहा की मग.

ओमाहाची_सून

आणि पैशांचं कोणी बोललंच नाही. डेट्रॉइटने ड्राफ्टमध्ये (एनएफएल टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) दुसऱ्या नंबरला उचलला, पण ड्राफ्टच्या आधीच, एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे एक चेक हातात यायच्या आधी, त्याने युनिव्हर्सिटीला २६ लाख डॉलर्स द्यायचं जाहीर केलं. २० लाख खेळाडूंच्या ट्रेनिंगसाठी आणि ६ लाख इंजिनिअरिंगच्या स्कॉलरशिपला. सासरे तेव्हा स्टेडियममध्ये होते.

सदाशिव_पेठी

पाच वर्षं फुकट खेळवून घेतलं आणि वर त्यानेच देणगी द्यायची. धन्य आहे.

मिसिसिपीमामा

पेठीसाहेब आता तसं राहिलं नाही. जुलै २०२१ पासून पोरं स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवू शकतात आणि २०२५ पासून तर युनिव्हर्सिटीच थेट पैसे देते. त्यामुळे उलटंच झालंय, एक सीझन चांगला गेला की पोरगा दुसऱ्या कॉलेजला. २००७ सारखं ५-७ वर्ष आणि १ सॅक झाल्यावर आजचा सू लिंकनमध्ये राहिला असता का, मला शंका आहे. आणि गेला असता तर त्याला दोषही देणार नाही.

माळरानी

मामा, हा विचार माझ्याही डोक्यात येतो. राहिला नसता तर पेलिनींच्या हाताखाली घडला नसता आणि कदाचित कुठेतरी दुसऱ्या फळीत बसून राहिला असता. पण त्याला ते पाच वर्षांचे पैसे मिळायलाच हवे होते, ९३ नंबरच्या जर्सी दुकानात धडाधड खपायच्या आणि त्यातलं त्याच्या खिशात काही जायचं नाही.

क्रिकेटवेडी

मला एक सांगा, मी नवीन आहे, एकच काहीतरी बघायचं असेल तर काय बघू? दोन-तीन तास नाहीयेत माझ्याकडे.

माळरानी

मिझुरीचा चौथा क्वार्टर बघा, अर्ध्या-पाऊण तासात होतो. आवडला तर टेक्ससची पूर्ण मॅच, ती तुकड्यात नका बघू. आणि चेंडूकडे बघू नका, फक्त सूकडे बघा, प्ले सुरू व्हायच्या आधी समोरचे दोघं एकमेकांना काय खुणावतायत ते पण दिसेल.

क्रिकेटवेडी

बरं. नवऱ्याला शेजारी बसवते, काही अडलं तर विचारता येईल. पांढरा ड्रेस की लाल?

ओमाहाची_सून

मिझुरीला पांढरा, पाहुणे होतो ना. आणि टेक्सस बघणार असाल तर शेवटचा सेकंद सुरू व्हायच्या आधी बंद करा, आमच्या घरी तसंच करतात.